ओब्लोमॉव्हच्या टेबलावरची धूळ : आळस आणि डिप्रेशन

मंडळी, आजचा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात क्वचित सापडतो, पण घराघरात रोज विचारला जातो. पोरगा अकरा वाजेपर्यंत अंथरुणात आहे. हा आळशी आहे, की याला काही झालंय? सून दिवसेंदिवस स्वयंपाकघरात पाय टाकत नाही. ही कामचुकार आहे, की आजारी? नोकरी गेलेला भाऊ अर्ज करतो म्हणतो, करत नाही. आपण बहुतेक वेळा निकाल आधी देतो आणि चौकशी मागाहून करतो. निकाल चुकला तर काय होतं, हे आपण सगळे वर्तमानपत्रात वाचतो. त्यावर आणखी बोलायला नको.

सुरुवात एका मराठी शब्दापासून करू. कंटाळा. आळशासाठी आपल्याकडे शब्दांची कमतरता नाही. कामचुकार वेगळा, अंगचोर वेगळा, ऐतखाऊ वेगळा, ऐदी वेगळा, आणि नुसता सुस्त त्याहून वेगळा. एवढे बारकावे एखाद्या समाजाने केले म्हणजे त्याने त्या गोष्टीवर किती लक्ष ठेवलं असेल बघा. दुसऱ्या बाजूला मात्र आपण गरीब आहोत. उदास, खिन्न, विषण्ण हे शब्द आहेत, पण घरात ते कोण बोलतो? वर्तमानपत्रवाले 'नैराश्य' लिहितात. तो शब्द आम्हाला पसंत नाही. नैराश्य म्हणजे आशा नसणं, आणि या आजारातली पुष्कळ माणसं आशेबद्दल काही बोलतच नाहीत. ती म्हणतात, "कंटाळा आलाय." आळशी माणूसही तेच म्हणतो. घोटाळा तिथे सुरू होतो.

आता या शब्दाचं व्याकरण पाहा. कंटाळ्याला षष्ठी लागते. भांडी घासायचा कंटाळा, अभ्यासाचा कंटाळा, पाहुण्यांकडे जायचा कंटाळा. 'कशाचा?' असं विचारलं की आळशाला उत्तर देता येतं, आणि ते उत्तर बहुधा एखाद्या कामाचं नाव असतं. दुसऱ्या माणसाला हे वाक्य पुरं करता येत नाही. तो म्हणतो, "कशाचा असा नाही... सगळ्याचाच." ज्या गोष्टी त्याला आवडत होत्या त्यांचाही. क्रिकेटचाही, मित्रांचाही, आंब्याचाही. ही षष्ठी जिथे अडखळते तिथे आपण थांबून ऐकलं पाहिजे. एवढ्याने निदान होतं असं आम्ही म्हणत नाही. पण ऐकायला कुठून सुरुवात करावी, ते कळतं.

हे सगळं हवेत राहू नये म्हणून आज एक कादंबरी हाताशी घेतली आहे. इव्हान गोंचारोव्ह या रशियन लेखकाची 'ओब्लोमॉव्ह', 1859 साली प्रसिद्ध झालेली. जगाच्या साहित्यात आळशी माणूस म्हटला की पहिलं नाव याचं. इल्या इल्यिच ओब्लोमॉव्ह, वय बत्तीस-तेहतीस, सेंट पीटर्सबर्गमध्ये भाड्याच्या घरात राहणारा जमीनदार. गाव दूर, तिथे तीनशेहून अधिक भूदास याच्यासाठी राबतात. कादंबरीचा पहिला भाग म्हणजे जवळजवळ एक दिवस, आणि तो दिवस हा गृहस्थ मुख्यतः पलंगावर घालवतो. अंगात जुना, सैल झगा. दोन संकटं आलेली आहेत. गावाच्या कारभाऱ्याचं पत्र आलंय की उत्पन्न घटलं, आणि घरमालक घर रिकामं करायला सांगतोय. पत्राचं उत्तर लिहायचं आहे, पण दौतीत शाई वाळलेली आहे. उघडं ठेवलेलं पुस्तक कधीपासून त्याच पानावर आहे, आणि ते पान पिवळं पडलंय.

याच वर्षी दोब्रोल्युबोव्ह नावाच्या तेवीस वर्षांच्या समीक्षकाने 'ओब्लोमॉव्हगिरी म्हणजे काय?' या अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं की हा एका माणसाचा दोष नाही, भूदासांच्या श्रमावर जगणाऱ्या सगळ्या वर्गाचा रोग आहे. दोन वर्षांनी, 1861 साली, रशियात भूदासप्रथा रद्द झाली. लेखाचा दबदबा इतका की पुढे ओब्लोमॉव्ह हे विशेषनाम राहिलंच नाही. 1922 सालच्या एका भाषणात लेनिनसुद्धा आपल्या कचेऱ्यांतल्या ढिलाईला याच नावाने झोडपतो. दोब्रोल्युबोव्हचं वाचन खोटं नाही. 'ओब्लोमॉव्हचं स्वप्न' हे प्रकरण, जे दहा वर्षं आधीच, 1849 मध्ये, स्वतंत्रपणे छापलं गेलं होतं, ते वाचा. मुलाला बर्फात पळायचंय, आणि घरचे त्याला पकडून आणतात, गुंडाळतात, अंथरुणात घालतात. मोठा झाला तरी मोजे नोकराने चढवायचे. दुपारच्या जेवणानंतर सगळा वाडा मेल्यासारखा झोपतो. आळस शिकवावा लागतो, आणि त्याचं शिक्षण कसं दिलं जातं हे इतकं बारकाईने क्वचितच कुणी लिहिलं असेल.

पण आमचा दोब्रोल्युबोव्हशी वाद आहे. तो वर्ग पाहतो, आणि वर्ग पाहताना माणूस एकच एक धरून चालतो. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओब्लोमॉव्ह पडून आहे, म्हणजे तो एकाच कारणाने पडून आहे, असं तो गृहीत धरतो. कादंबरी तसं म्हणत नाही. तिच्यातला माणूस किमान तीन वेगवेगळ्या कारणांनी आडवा आहे, आणि लेखकाने त्या कारणांच्या खुणा स्पष्ट ठेवल्या आहेत. फक्त त्या वाचायला हव्यात.

खरा आळशी कसा असतो हे गोंचारोव्हने शेजारच्याच खोलीत दाखवून ठेवलंय. तो म्हणजे झाखार, ओब्लोमॉव्हचा म्हातारा नोकर. हा झाडत नाही. धूळ पुन्हा येणारच, मग झाडायची कशाला? ढेकूण झाले तर म्हणतो, ढेकूण काय मी शोधून काढले? (हशा) काम सांगितलं की कुरकुर. पण संध्याकाळ झाली की हाच झाखार फाटकाशी जाऊन इतर नोकरांबरोबर गप्पा मारतो, मालकाची निंदा करतो, दारूच्या गुत्त्यात जातो. मालकाची सुटी नाणी खिशात घालायला त्याचा हात मुळीच जड होत नाही. त्याची शक्ती गेलेली नाही, ती निवड करते. नको ते काम आलं की ती नाहीशी होते आणि हवं ते समोर आलं की हजर होते. विश्रांतीने तो ताजा होतो. चुकवलेल्या कामाची त्याला टोचणी नाही. आळस म्हणजे हा. त्यात एक प्रकारची तब्येत असते.

आता पलंगावरच्या माणसाकडे या. पहिल्या भागात तोही बराचसा आळशीच आहे, हे मान्य करू. नोकरीत असताना अस्त्राखानला जायचा कागद त्याने आर्खांगेल्स्कला धाडला. साहेब काय म्हणेल या भीतीने घरी बसला, आणि डॉक्टरकडून दाखला आणला. दाखल्यात लिहिलंय की याचे विकार रोज कचेरीत जाण्यामुळे झालेले असावेत. आमच्या पिढीतल्या निवृत्त मंडळींना ही भाषा परिचयाची वाटेल. पण त्याच भागात एक जागा अशी येते की तो एकटा असताना स्वतःलाच विचारतो, मी असा का आहे? आपल्या आत काही चांगलं होतं, ते थडग्यात पुरल्यासारखं पडून आहे, असं त्याला जाणवतं, आणि त्या जाणिवेने तो कासावीस होतो. मग झोपी जातो. झाखारला असा प्रश्न उभ्या आयुष्यात पडलेला नाही. पुढे दुसऱ्या भागात तो श्टोल्त्स या जिवलग मित्राला सांगतो की माझ्या आयुष्याची सुरुवातच विझण्यापासून झाली. लिहायला बसलो तेव्हा विझत होतो, पुस्तक वाचताना विझत होतो, मित्रांत बसलो तेव्हाही. आम्ही त्याचं म्हणणं आमच्या शब्दांत सांगतोय, पण आशय हाच. इथे टोचणी आहे, आणि टोचणी असूनही हालचाल नाही.

आणखी एक गोष्ट याच संभाषणात आहे, जी वाचकांच्या नजरेतून निसटते. श्टोल्त्स त्याला आठवडाभर गावभर फिरवतो, आणि ओब्लोमॉव्ह वैतागून म्हणतो की या धावणाऱ्या लोकांत मला मध्य कुठे दिसत नाही. हे माझ्यापेक्षा गाढ झोपलेत. हे बोलणं डिप्रेशनचं नाही आणि निव्वळ आळसाचंही नाही. हा एक विचार आहे, एक नकार आहे. प्रत्येक नकाराला आजार म्हणायची घाई अलीकडे होते, म्हणून हे नोंदवून पुढे जातो.

मग ओल्गा येते. तिच्या गाण्याने हा माणूस हलतो. एका उन्हाळ्यात ओब्लोमॉव्ह सकाळी सातला उठतो, वाचतो, टेकड्या चढतो, चेहऱ्यावर झोप नाही, अंगावर झगा नाही. ही नोंद महत्त्वाची, कारण यावरून कळतं की त्याचं शरीर काम करतं आणि इच्छा जिवंत आहे. पण लग्न म्हटलं की गावचा हिशोब, घर, कागद, लोक काय म्हणतील. शरद ऋतूत नेव्हा नदीवरचे पूल काढतात, तेव्हा पलीकडे ओल्गाकडे जाता येत नाही म्हणून त्याला मनातून सुटल्यासारखं वाटतं. पुलाचं निमित्त सापडल्यावर होणारा हा आनंद शंभर टक्के आळशाचा आहे. पाहुणे येणार नाहीत असा फोन आल्यावर आपल्याला होतो, तोच.

शेवटी ओल्गा संबंध तोडते. ती विचारते, तुला कशाने बुडवलं? या रोगाला नाव नाही का? तो पुटपुटतो, आहे. आणि स्वतःचंच नाव सांगतो. त्या रात्री तो कुठे कुठे भटकून घरी येतो. बाहेर बर्फ पडायला लागतो, सगळं झाकून टाकतो, आणि त्याला ताप भरतो. कादंबरीचा तिसरा भाग इथे संपतो.

चौथ्या भागाच्या सुरुवातीला फार थोड्या ओळी आहेत. पण आमच्या मते आजच्या विषयाचं सगळं सार त्यांत आहे. आजारातून उठल्यावर ओब्लोमॉव्ह तासन्‌तास नुसता बसून असतो. झाखारने काही विचारलं तर कधी उत्तरच देत नाही. झाखारच्या हातून कप पडून फुटतात, ते त्याच्या लक्षात येत नाही. टेबलावर धूळ साचली आहे, तीही दिसत नाही. मंडळी, पहिला भाग आठवा. याच धुळीवरून मालक आणि नोकर पानंच्या पानं भांडत होते! तेव्हा ओब्लोमॉव्ह पडून होता, पण धूळ त्याला दिसत होती, खुपत होती. ती कुणीतरी झाडावी असं त्याला वाटत होतं. स्वतः उठायचं तेवढं नव्हतं. आता तो कदाचित उठून बसलेला आहे, आणि धूळ त्याच्या लेखी नाहीच. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा दृश्य एकच दिसेल. न झाडलेली खोली आणि त्यात बसलेला एक जमीनदार.

श्टोल्त्सने, दोब्रोल्युबोव्हने आणि पुढे लेनिनने या दोन धुळींत फरक केला नाही. आळशाला जग हवं असतं, कष्ट नको असतात. डिप्रेशनमध्ये हवं-नकोच मावळतं. माणूस म्हणतो, बरं वाटत नाही असं नाही, वाईट वाटतं असंही नाही. काही वाटतच नाही. तेव्हा 'तू काय करत नाहीस?' या प्रश्नाने काही उलगडत नाही. 'तुला काय खुपतं, काय आवडतं?' या प्रश्नाने थोडं उलगडतं.

आपल्या परंपरेत हा भेद झालेला आहे का? झालेला आहे, आणि आश्चर्य वाटावं इतका. योगसूत्रांच्या पहिल्या पादात पतंजली चित्ताच्या नऊ अडथळ्यांची यादी देतो. तिच्यात व्याधी वेगळी, स्त्यान वेगळं आणि आलस्य वेगळं. व्यासभाष्य स्पष्ट करतं की स्त्यान ही चित्ताची अकर्मण्यता, म्हणजे मनच कामाला लागू शकत नाही अशी अवस्था. आलस्य म्हणजे शरीर आणि मन जड असल्यामुळे प्रवृत्ती न होणं. पुढच्याच सूत्रात दौर्मनस्य येतं, इच्छेला ठेच लागल्यामुळे होणारा मनाचा क्षोभ. चार शब्द, चार जागा. स्त्यान म्हणजेच डिप्रेशन असं मात्र आम्ही म्हणणार नाही. प्राचीन शब्दावर आधुनिक चिठ्ठी चिकटवली की दोन्हींचं नुकसान होतं. पतंजली योगसाधकाबद्दल बोलतोय, बाह्यरुग्ण विभागाबद्दल नाही. पण 'काम होत नाही' या एका दिसण्यामागे वेगवेगळी कारणं असतात, हे त्याला कळलेलं होतं, आणि त्याने ती एका पोत्यात भरली नाहीत.

पश्चिमेकडे नेमका उलटा प्रवास झाला. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या एव्हाग्रिअस या साधूने आठ वाईट विचार सांगितले. त्यांत दुःख वेगळं होतं आणि 'अकेडिया', म्हणजे दुपारच्या वेळी साधूला ग्रासणारी ती विचित्र मरगळ, वेगळी होती. सहाव्या शतकात पोप ग्रेगरीने यादी सातावर आणली तेव्हा हे दोन एकत्र झाले. पुढे त्यांच्या जागी यादीत राहिला तो आळस, आणि तोही पाप म्हणून. एका यादीतली एक ओळ कमी झाली आणि खिन्न माणूस पापी ठरला. याद्या करणाऱ्यांनी जपून राहावं, एवढं म्हणतो.

गीतेचा विषय निघतोच, कारण हल्ली प्रत्येक प्रवचनात सांगतात की अर्जुनाला डिप्रेशन आलं आणि श्रीकृष्ण पहिला समुपदेशक. लोकांना हे आवडतं. आम्हाला ते पटत नाही. अर्जुनाचे हातपाय गळतात, तोंड कोरडं पडतं, धनुष्य हातातून सुटतं, हे खरं. पण तो युक्तिवाद करतोय, आणि चांगला युक्तिवाद करतोय. त्याला जगाचं काही वाटत नाही असं नाही, फार वाटतंय. त्याचा पेच नैतिक आहे आणि तो त्या क्षणाचा आहे. गीतेत आजच्या विषयाला उपयोगी अशा जागा दुसऱ्याच आहेत. एक अठराव्या अध्यायात, जिथे तामस कर्त्याच्या वर्णनात आळशी आणि विषादी हे दोन शब्द शेजारी शेजारी, पण स्वतंत्र आले आहेत. ते एकच असते तर दोनदा सांगायचं कारण नव्हतं. दुसरी जागा दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी. श्रीकृष्ण आधी झापतो. हे तुला शोभत नाही, हा दुबळेपणा टाक, ऊठ. दोन श्लोक. त्याचा परिणाम काय? अर्जुन आपली अडचण पुन्हा सांगतो, लढणार नाही म्हणतो आणि गप्प बसतो. झापण्याचा प्रयोग तिथेच संपतो, आणि मग सतरा अध्याय समजावणं चालतं. हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या ध्यानात कसं येत नाही, कोण जाणे.

आता वैद्यकाकडे येऊ. आम्ही डॉक्टर नाही, तेव्हा थोडक्यात. डॉक्टरांच्या ज्या पुस्तकाचा आधार जगभर घेतला जातो, त्याच्या पाचव्या आवृत्तीत नऊ लक्षणं आहेत. त्यांतली पाच तरी, किमान दोन आठवडे, बहुतेक रोज असावी लागतात. आणि त्या पाचांत मन खिन्न असणं किंवा रस आटणं यांपैकी एक हवंच. ती यादी आम्ही मुद्दाम घरच्या माणसाच्या डोळ्यांनी वाचली. थकवा, झोप फार किंवा फार कमी, हालचाल मंदावणं, लक्ष न लागणं, निर्णय न होणं. यातली प्रत्येक गोष्ट आपण पोराला उद्देशून तक्रार म्हणून बोललेलो असतो! म्हणजे आजाराची निम्मी लक्षणं आळसाच्या वेषात येतात. वेषाखाली काय आहे ते उरलेल्या लक्षणांवरून कळतं. स्वतःविषयी तुच्छता, अवाजवी अपराधीपणा, मरणाचे विचार. ती मात्र माणूस आपण होऊन सांगत नाही. आणखी एक व्यावहारिक खूण पुष्कळ जणांत दिसते. आळशाची सकाळ उशिरा होते, पण चांगली होते. तीव्र खिन्नतेत माणूस कित्येकदा पहाटेच जागा होतो, आणि तीच वेळ त्याला सगळ्यांत जड जाते. अकराला अंथरुणात दिसणारा मुलगा चारपासून जागा असू शकतो. आणि थायरॉइडची किंवा रक्त कमी असल्याची तपासणी आधी करून घ्यावी. तिथेही चित्र असंच दिसतं.

महाविद्यालयात इतकी वर्षं हजेरीपट हाताळला. त्यात गैरहजर एवढा एकच रकाना असतो. सिनेमाला गेलेला आणि खोलीचं दार लावून भिंतीकडे तोंड करून पडलेला, दोघांपुढे एकच खूण. त्या पटाला दोष द्यायचा नाही, त्याचं काम तेवढंच. पण पट मिटल्यावर तरी आपण दोन माणसं पाहिली पाहिजेत.

कुणी म्हणेल, आळशाला आणि आजाऱ्याला शेवटी उठवायचंच आहे ना, मग फरक करून फायदा काय? हा आक्षेप चांगला आहे, आणि त्याचं उत्तर आम्हाला गोव्यात मिळालं. तिथे 'संगाथ' या संस्थेने आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या गटाने सरकारी आरोग्य केंद्रांत एक उपचार तपासून पाहिला. त्याचे निष्कर्ष 2017 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. बऱ्याच तीव्र डिप्रेशनच्या रुग्णांना मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी काही भेटी दिल्या. नेहमीच्या उपचारापेक्षा त्यांना अधिक गुण आला. त्या उपचाराचा गाभा काय? माणसाला हळूहळू पुन्हा कृतीकडे आणणं. म्हणजे 'ऊठ, काहीतरी कर' हे वाक्य मुळात चूक नाही!

मग श्टोल्त्स का हरला? तोही उठच म्हणत होता. आता किंवा कधीच नाही, असं म्हणत होता. फ्रान्सला चल, इटलीला चल, गावी शाळा काढ, रस्ते बांध. आळशाला अशा मोठ्या बेतांनी कधी कधी हुरूप येतो. पण ज्याला आंघोळ हाच डोंगर झालाय त्याच्यापुढे श्टोल्त्सने युरोपचा नकाशा पसरला. गोव्यातले समुपदेशक लहान गोष्टीपासून सुरू करतात, आणि ती गोष्ट रुग्णाला आधी काय भावत होतं ते विचारून ठरवतात. पुढच्या भेटीत झाली का म्हणून विचारतात. झाली नसेल तर कशाने अडलं ते पाहतात. तिथे निकाल नसतो.

गंमत म्हणजे कादंबरीत हे काम कुणीतरी केलेलं आहे. अगाफ्या, ओब्लोमॉव्हची घरमालकीण, फारशी शिकलेली नाही, त्याच्या विचारांतलं तिला काही कळत नाही. बर्फ वितळतो, वसंत येतो, परसात भाजी लावतात, घरात पदार्थ होतात, आणि तिच्या घरात तो मुका झालेला माणूस हळूहळू बोलायला लागतो. पुढे तो तिच्याशी लग्न करतो, मुलगा होतो. त्याला पक्षाघाताचा झटका आल्यावर तर ती त्याला ठरल्या वेळी चालायला लावते, खाण्यावर लक्ष ठेवते. या काळातला ओब्लोमॉव्ह पुन्हा लोळतो, पण सुखात लोळतो. ती तिसरी अवस्था. तिला आळस म्हणा, समाधान म्हणा. आजार म्हणवत नाही. श्टोल्त्सला मात्र हे घर म्हणजे दलदल वाटते. तो येतो, पाहतो आणि मित्र बुडाला असं ठरवून जातो.

आणि कादंबरीच्या अगदी शेवटी एक गोष्ट उघड होते. ओब्लोमॉव्ह वारल्यावर श्टोल्त्स एका लेखक-मित्राबरोबर चालला असताना चर्चजवळ भीक मागणारा म्हातारा झाखार भेटतो. लेखक विचारतो, हा मालकाचं नाव घेतो तो ओब्लोमॉव्ह कोण? श्टोल्त्स सांगतो, होता एक, वाया गेला. कशाने? ओब्लोमॉव्हगिरीने. म्हणजे काय? मग श्टोल्त्स ती कहाणी सांगतो, आणि लेखक ती लिहून ठेवतो. म्हणजे आपण वाचली ती सगळी साक्ष उद्योगी मित्राची आहे. तरीही ती न दिसलेली धूळ तिच्यात राहून गेली, याचं श्रेय गोंचारोव्हला. मुद्दामच ठेवली असणार.

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, दोन्ही एकाच वेळी असू शकतं का?)

असू शकतं. आळशी माणसाला डिप्रेशन येत नाही असा काही नियम नाही. आणि बरा होत चाललेला माणूस थोडा आळसही करतो. कित्येकदा ते चांगलं चिन्ह असतं. 'आज भांडी नको, सिनेमा बघू' असं तो म्हणाला तर समजा, षष्ठी परत आली. (हशा) ओब्लोमॉव्हमध्ये हे दोन्ही एकापाठोपाठ येतं, म्हणून तर तो इतका उपयोगी. 'हा माणूस कोणत्या जातीचा' असं विचारू नका. 'गेले पंधरा दिवस याचे कसे गेले' असं विचारा.

(प्रश्न : पण घरी मुलगा बोलतच नाही. डॉक्टरकडे चल म्हटलं की चिडतो. काय करायचं?)

बोलत नसेल तर बोलायला लावू नका. जवळ बसा, चहा तिथे आणून द्या. 'दिवसभर काय केलंस' हे काही दिवस बंद ठेवा. 'रात्री झोप लागली का?' हे विचारता येतं. त्या प्रश्नात आरोप नाही, आणि उत्तरात पुष्कळ कळतं. मानसोपचाराचं नाव काढलं की चिडत असेल तर नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे, थकव्याची तपासणी म्हणून न्या. ते खोटं नाही, थकवा आहेच. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. नंबर 14416. तो घरच्या माणसांनीही लावावा, आजारी माणसानेच लावायला हवा असं नाही. आणि मरणाबद्दल तो काही बोलला, सहज बोलल्यासारखं जरी बोलला, तर आळस की आजार ही चर्चा त्या दिवशी बाजूला ठेवा, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.